सुकाणूवर रणजित

ल्यूकन,
रविवार, ८ जून २०२५

प्रिय रणजितभावजी,

अनेक आशीर्वाद. रुचाला आशीर्वाद आणि ओजसच्या दोन्ही गालांना माझी एकेक पापी. आम्ही दोघी बऱ्या आहोत. निहारिकाची प्राथमिक शाळा या महिन्यात संपते. सप्टेंबरपासून ती मोठ्या शाळेत जाईल, आणि त्या गणवेशाचा स्कर्ट किती लांब असावा यावर आमचं सध्या महायुद्ध चालू आहे. हवा गॅलवेसारखीच, म्हणजे सांगण्यासारखी नाही.

एवढं जाड पाकीट बघून घाबरू नका. फोनवर तुम्ही "हो वहिनी, बरं वहिनी" करून मला बोलूच देत नाही. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवता. कागदाला अंगठा दाखवता येत नाही म्हणून कागद घेतला. मध्येच ठेवून देऊ नका, शेवटपर्यंत वाचा. एक गोष्ट सांगायची आहे, तुमच्या हक्काची आहे, आणि आठ महिने मी ती दाबून बसले आहे. पण आधी बोटीचं सांगते, म्हणजे माझा हात जरा चालता होईल.

मी भोपळा पाण्यात सोडायचं ठरवलं आहे.

तो अजून दारातच उभा आहे, ट्रेलरवर, निळी ताडपत्री पांघरून. एकवीस फुटांची जुनी बोट, मागे एक इंजिन, आत दोन बाक, आणि उभं राहिलं की डोकं आपटेल असं छप्पर. कुशलने ती घेतली तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते त्याच्याशी. मग त्याने मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने 'भोपळा' असं रंगवलं आणि मला हसू आवरेना. आबांनी पाठीला बांधायला आणलेला तो वाळका भोपळा, कृष्णेचा घाट, आणि दादाने मागून ढकललं म्हणून तुम्ही गटांगळ्या खात केलेली बोंबाबोंब, हे सगळं मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ऐकलं होतं. आम्ही मिरजेचे लोक विहिरीत पोहतो, आम्हाला काय कळणार नदीतलं, असं तुम्ही दोघं मला म्हणायचात.

वसाहतीच्या कमिटीची दोन पत्रं आली, की दारात बोट ठेवता येत नाही. शेजारचा डेक्लन म्हणतो, "शुअर लीव्ह इट देअर, मेधा, इट्स डूइंग नो हार्म." पण परवा मी ताडपत्री काढून आत शिरले तर बाकाखाली कोळ्यांनी संसार मांडलेला. मला एकदम राग आला. कोणाचा ते कळलं नाही. दोन तास घासत बसले. मग डेक्लनला विचारलं, जीपला लावून कॅरिकपर्यंत नेऊन देशील का? तो म्हणाला, मी विचारायची वाटच बघत होतो.

तर बेत असा. सोमवार, ७ जुलैला सकाळी कॅरिकला बोट पाण्यात. पाच दिवस शॅनन नदीवरून खाली, शुक्रवारी बॅनाहर. सगळं कुशलच्या वहीप्रमाणे. तुम्हाला माहीत आहे, तो भाजी आणायला जाताना सुद्धा नकाशा काढायचा. शंभरपानी वहीत त्याने पाचही दिवस लिहून ठेवले आहेत. ऑफिसात दिवसभर तक्ते बनवणारा माणूस, पण शेवटच्या महिन्यांत पडद्याकडे बघवेना म्हणून सगळं हाताने लिहिलं.

पहिला दिवस कॅरिक ते ड्रमॉड, एक लॉक. "लॉक म्हणजे पाण्याचा जिना," असं त्याने निहारिकासाठी चौकटीत लिहिलं आहे. दुसरा दिवस लेन्सबरोपर्यंत, दोन लॉक. तिसऱ्या दिवशी री सरोवर ओलांडून ॲथलोन. त्या पानावर लाल शाईत, "वारा वाढला तर निघायचं नाही. मेधाने कितीही घाई केली तरी नाही." चौथा दिवस शॅननब्रिज. खाली जाताना लाल खुणा उजव्या हाताला, हे चार ठिकाणी लिहिलंय. जेवणाचं वेगळं पान आहे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, छोटा कुकर, आणि समोर शेरा, "तीनच शिट्ट्या. शेजारच्या बोटीतले लोक घाबरतील."

तुमच्या नावाचेही शेरे आहेत. लॉकमध्ये दोर बांधायचा नसतो म्हणे, खांबाला नुसता वेढा द्यायचा आणि टोक हातात धरायचं. पाणी उतरेल तसा दोर सोडत जायचा, नाहीतर बोट दोराला लटकते. त्याच्या पुढे कंसात, "रणजित गाठ मारतो. लक्ष ठेवणे."

हे वाचून तुम्ही आधी चिडाल आणि मग हसाल, म्हणून मी ते दोनदा वाचलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात हा प्रवास व्हायचा होता. तुम्ही सुट्टी काढलीत, गॅलवेहून निघायची तयारी केलीत, आणि आदल्या दिवशी कुशलने फोन करून ऑफिसचं काम निघालं म्हणून बेत मोडला. तिसऱ्यांदा. तुम्ही म्हणालात, "दादा, तुला नकाशेच काढायचे असतात, पाण्यात उतरायचं नसतं. पुढच्या वेळी मला विचारू नकोस." ऑफिसचं काम नव्हतं, भावजी. त्या दिवशी त्याचा स्कॅन होता. तो फोन ठेवून मला म्हणाला, "बरोबरच बोलला की तो." त्याला राग आलाच नव्हता. हे मी तुम्हाला नंतर सांगितलं होतं, पण तुम्ही विश्वास ठेवला नाहीत. मी समजूत काढते आहे असं तुम्हाला वाटलं.

तुम्हाला आजाराबद्दल का सांगितलं नाही, तेही तुम्हाला साधारण ठाऊक आहे. रुचाला तिसरा महिना होता आणि आधीची दोन्ही वेळची दुखणी आपण सगळ्यांनी बघितली होती. सासूबाईंचा सांगलीहून फोन आला. "रणजितच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला कळलं की तिला कळलं. गरोदर बाईच्या कानावर असलं काही घालू नये मेधा, बाळंतपण होऊ दे." मला ते पटलं. कुशललाही पटलं. आम्ही ठरवलं, पोटात अल्सर आहे एवढंच सांगायचं. तुम्ही दादाशी अबोला धरून होतात, तरी दर आठवड्याला मला फोन करून आडून आडून चौकशी करायचात, आणि मी म्हणायचे, "ग्रँड आहे." इथे आयर्लंडला आल्यावर शिकलेला पहिला शब्द. तो म्हटला की पुढे कोणी काही विचारत नाही.

इथपर्यंत सगळं तुम्हाला ठाऊक असलेलंच लिहिलं. आता चहा करून येते.

आले.

गेल्या रविवारी रुचाचा फोन आला होता. तुम्हाला न सांगता केला होता, तिच्यावर रागावू नका. म्हणाली, ओजसला झोपवून तुम्ही गाडी घेऊन समुद्राकडे जाता आणि गाडीतच बसून राहता. पोहणं सोडलंत. ती खूप मागे लागली तेव्हा एवढंच म्हणालात, "दादा माझ्यावर रागावून गेला. माझा शेवटचा निरोपसुद्धा त्याला पोचला नाही."

मी तिला म्हटलं, बघते, बोलते मी त्यांच्याशी. फोन ठेवला, तर जिन्यावर निहारिका उभी. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र डब्लिनकरांसारखी. म्हणाली, "इज काका स्टिल क्रॉस विथ बाबा?" मी म्हटलं, नाही गं, काका बाबावर रागावलेला नाही. ती म्हणाली, "देन इज ही क्रॉस विथ यू?" मी म्हटलं, अजून नाही.

दसऱ्याचा दिवस आठवा. शनिवार होता. कुशलचा पलंग आम्ही बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी आणला होता, बोट दिसावी म्हणून. सकाळी नर्स येऊन गेली. त्याने दाढी करून घेतली. सासूबाईंनी दरवर्षीप्रमाणे पाकिटातून आपट्याची पानं पाठवली होती. निहारिकाने त्याच्या हातावर सोनं ठेवलं, पाया पडली. मी डेक्लनच्या बागेतल्या झेंडूची माळ करत होते. गाडीला घालतो तशी इंजिनाला घालायची, असा कुशलचा हुकूम होता. हात फुलांच्या पाण्याने ओले, म्हणून तुमचा फोन आला तेव्हा मी स्पीकरवर टाकला. टेबलावर, त्याच्या उशापासून हातभर अंतरावर.

तुम्ही गाडीत होतात. शेजारून रुचा ओरडली, "वहिनी, सोनं घ्या!" इतकी आनंदात होती ती. नववा महिना. तिचा तसा आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता. मग तुम्ही म्हणालात, "दादा आहे का? त्याला सोनं द्यायचंय. द्या ना फोन."

त्याचा आवाज तोवर गेला होता, भावजी. बोलायचा, पण कुजबुजल्यासारखं, दोन शब्दांनंतर थांबून. तुम्ही एक शब्द ऐकला असतात तरी तुम्हाला कळलं असतं, आणि शेजारी बसलेल्या रुचाला कळलं असतं. मी एवढाच विचार केला. खरं तर विचारही केला नाही, तोंडातून निघून गेलं. "झोपलाय हो तो. उद्या करा."

तो झोपला नव्हता.

तो माझ्याकडे बघत होता. हात थोडा उचलला होता, फोनसाठी. मी "झोपलाय" म्हणाले, तसा त्याने हात खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले. मी खोटी पडू नये म्हणून. तुम्ही काही बघत नव्हतात, तरीही.

आणि तुम्ही म्हणालात, "बरं, झोपू दे. उठला की सांगा, मी चुकलो म्हणावं. आणि बोटीवर येतो म्हणावं, म्हणेल तेव्हा." तो शब्द न् शब्द त्याने ऐकला. मी सांगितला म्हणून नाही, स्वतःच्या कानांनी, तुमच्या आवाजात. डोळे मिटलेलेच होते आणि कडेने पाणी येत होतं. फोन बंद झाल्यावर थोड्या वेळाने म्हणाला, "आवाज बरा वाटला त्याचा." मी म्हटलं, लावू का परत? तो म्हणाला, "नको. रुचा आहे. उद्या तो एकटा असताना."

दुपारी त्याने वही मागितली. चार दिवसांची पानं लिहून झाली होती. त्यात सुकाणूपुढे आधी निळ्या शाईत 'मी' असं होतं, मग सप्टेंबरात कधीतरी त्याने प्रत्येक 'मी'वर काट मारून काळ्या शाईत 'रणजित' लिहिलं होतं. मी ते बघितलं होतं, त्याला तसं दाखवलं नाही. पाचवा दिवस कोराच होता. मे महिन्यापासून कोरा. त्या दुपारी त्याने तो लिहिला. दोन ओळींना अर्धा तास लागला. मी वही धरून उभी होते.

ते पान तुमच्या फोनला दिलेलं उत्तर आहे. तुमचा निरोप पोचला होता, त्याचं उत्तरही आलं होतं. ते माझ्याकडे अडकलं.

रविवारी सकाळी दहाला तो गेला. तुम्ही अकराला फोन करणार होतात.

तुम्ही धावत आलात. रुचाही आली, एवढं पोट घेऊन. गॅलवे ते ल्यूकन सगळा रस्ता रडत आली, मला मिठी मारली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन वरणभात लावला. काही झालं नाही तिला. तीन आठवड्यांनी ओजस झाला, साडेतीन किलो, ठणठणीत. ज्या भीतीपायी मी हे सगळं केलं, ती भीती एका दिवसात खोटी ठरली. तिला एक दिवस आधी कळलं असतं तरी ती अशीच रडली असती आणि असाच भात लावला असता. मी आठ महिने रोज हाच हिशोब मांडते आणि रोज तो तिथेच येऊन थांबतो.

सासूबाईंच्या माथी मी काही मारणार नाही. त्या सांगलीत होत्या. फोन माझ्या समोर होता.

आणि याहून वाईट पुढेच आहे. अंत्यसंस्काराच्या दिवशी, बाहेर पावसात उभे असताना तुम्ही मला विचारलंत, "वहिनी, दादाला माझा निरोप सांगितलात?" तेव्हा तरी बोलायचं होतं. पण ऐकला म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, जागा होता तर फोन का नाही दिलात? म्हणून मी म्हणाले, "तो उठलाच नाही, भावजी." तुमचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. बघून गप्प बसले. दसऱ्याचं घाबरून झालं असेल, हे मात्र मी स्वतःला वाचवायला केलं. तुम्ही अस्थी घेऊन हरिपूरच्या संगमावर एकटे गेलात, परत आलात, तरी मी गप्पच. जितके दिवस जात होते तितकं जड होत होतं. तुम्ही मला काही कमी पडू दिलं नाहीत, दर महिन्याला येऊन बॉयलर बघितलात, गवत कापलंत, आणि मी खिडकीतून तुमच्याकडे बघत उभी राहायचे. तुमच्या पाठीवर जे ओझं होतं ते मी ठेवलेलं होतं.

माफ करा असं लिहिणार नाही. तुम्ही वडीलधाऱ्यांना नाही म्हणत नाही, लगेच "असू दे वहिनी" म्हणाल, आणि ते मला नको आहे. रागवा. जेवढं वाटेल तेवढं रागवा, पण माझ्यावर. स्वतःवरचा राग आता सोडा. तुमचा दादा तुमच्यावर रागावून गेला नाही. तुम्ही बोटीवर येणार हे ऐकून, ते लिहून ठेवून गेला.

७ जुलैला याल का? ओजसचं छोटं लाइफ जॅकेट मी आणून ठेवलं आहे. त्याला कुशल वहीत 'भोपळाच' म्हणतो, "रणजितचा भोपळा, मोठ्या मापाचा" असं यादीत आहे. माझ्यासोबत पाच दिवस एकवीस फुटांत नको वाटलं तर मी बोटीवर चढणार नाही. निहारिकाला तुमच्याकडे देते आणि गाडी घेऊन बॅनाहरच्या धक्क्यावर शुक्रवारी थांबते. मी थालीपिठं करून देईन, एवढं तरी चालेल ना? पण बोट तुम्ही चालवा. डेक्लन चालवेल म्हणतो, पण वहीत त्याचं नाव नाही.

वही सोबत पाठवते आहे. आधी शेवटचं पान उघडा. अक्षर लागणार नाही कदाचित, म्हणून इथे उतरवून देते.

"दिवस पाचवा. शॅननब्रिज ते बॅनाहर. सुकाणू: रणजित.
मी: पुढे बसणे. काही न बोलणे."

त्याच पानात आपट्याचं एक पान सापडेल. निहारिकाने दिलेल्या सोन्यातलं त्याने एक बाजूला काढलं होतं. मी आवरायला गेले तर म्हणाला, "राहू दे. ते रणजितचं." वाळून तुकडा पडला आहे, जपून उघडा.

सतरा वर्षं नवऱ्याला अरे-तुरे आणि तुम्हाला अहो-जाहो करत आले. कुशल त्यावरून चिडवायचा. आणि प्रत्येक पत्राखाली, प्रत्येक कार्डाखाली तुमच्यासाठी नावाऐवजी एकच शब्द लिहीत आले. आज तो मी आपणहून लिहीत नाही. सगळं वाचून झाल्यावरही तुम्हाला तो म्हणावासा वाटला, तर कॅरिकला म्हणा.

मेधा